मुंगसाच्या तोंडून सुटलेले बदक



कोंबडी आणि बदक, दोन्ही आपल्या अंगणातलीच; पण स्वभावाने अगदी निराळी. अंधार पडू लागला की कोंबडी आपण होऊन वर चढते. गोठ्याच्या आढ्यावर, लिंबाच्या फांदीवर, जिथे जागा मिळेल तिथे. बदक मात्र जमिनीवरच, मान पाठीच्या पिसांत खुपसून झोपते. धोका दिसला की कोंबडी फडफडत कुंपणावर जाते. बदक डुलत डुलत पाण्याकडे निघते, आणि पाणी लांब असले की वाटेतच सापडते. आपण पाळतो ती खाकी कॅम्पबेल किंवा पेकिन जातीची बदके अंगाने जड. त्यांना फारसे उडता येत नाही. म्हणून कोकणात खाचराच्या कडेला असो, नाहीतर भंडारा-गोंदियाकडे तलावाच्या काठी असो, बदक पाळणाऱ्या घरावर एक प्रसंग केव्हा ना केव्हा येतोच.

ओरडा ऐकून घरातले माणूस काठी घेऊन धावते. मुंगूस तोंडातली मान टाकून कुंपणापलीकडे पसार होते. अंगणभर पिसे, आणि मधोमध रक्ताने माखलेले बदक. पोरे रडू लागतात. शेजारचे कोणी म्हणते, "आता ते वाचायचं नाही. कापून टाका, निदान कालवण तरी होईल." कोणी चुना आणायला धावते, कोणी रॉकेल.

या घटकेला काय करावे आणि काय करू नये, हे आज आपल्याला सांगायचे आहे. कारण अशी बदके पुष्कळदा वाचतात. जी दगावतात, त्यांतली बरीचशी दोन कारणांनी. पहिले कारण धक्का आणि गारठा. हे पहिल्या काही तासांत घात करते. दुसरे कारण पिसांखाली कोणाला न दिसलेली दातांची भोके. ही दोन-तीन दिवसांनी घात करतात. ही दोन कारणे ध्यानात ठेवलीत की पुढचे सारे आपोआप समजेल.

सर्वांत आधी माणसांचे बघा. बदक सोडवताना कुत्रा, कोल्हा किंवा मुंगूस तुम्हाला चावले असेल, नुसते ओरखडले असेल, तरी बदक दुसऱ्याच्या हाती द्या. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पुरती पंधरा मिनिटे धुवा, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पिसाळरोगाची लस सुरू करा. "उद्या बघू" म्हणू नका. हा रोग माणसाला एकदा जडला की त्यावर उपाय राहत नाही. बदकाची गोष्ट वेगळी; पिसाळरोग हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, बदकाला त्याचे भय धरू नये. पण त्याच्या जखमेत चावणाऱ्या प्राण्याची लाळ असते. हाताला चिरा, खरचट असेल तर हातमोजे घाला. ते नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवा. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

आता बदकाकडे वळू. त्याचा पाठलाग करू नका. एखादे धोतर, पंचा, जुने लुगडे वरून टाका आणि पंखांसकट दोन्ही हातांनी उचला. पाय धरून कधीही उचलू नये. बदकाचे पाय कोंबडीइतके दणकट नसतात, सांधा सहज निखळतो. आणि उचलताना छातीवर आवळू नका. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये जसा श्वासाचा पडदा असतो, तसा पक्ष्याला नसतो. त्याच्या फुप्फुसांना हवेच्या पातळ पिशव्या जोडलेल्या असतात, आणि छातीचे हाड हलते तेव्हाच त्यांत हवा भरते. छाती गच्च धरली की ते हाड हलत नाही, आणि नाकातोंड मोकळे असूनही पक्षी गुदमरतो.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर ठेवून पाच मिनिटे दाबून धरा. मध्ये मध्ये उचलून बघू नका. बघितले की धरत आलेली खपली निघते. दोन किलोच्या बदकाच्या अंगात रक्त ते किती? पावशेरालाही कमी. आपल्याला थोडे वाटणारे रक्त त्याच्या मानाने फार असते. नख तुटले असेल किंवा नव्याने फुटणाऱ्या पिसाची रक्ताने भरलेली दांडी मोडली असेल, तर तेथे चिमूटभर गव्हाचे पीठ दाबले तरी रक्त थांबते. खोल जखमेत मात्र पीठ घालू नये.

रक्त थांबले की जखम धुण्याची घाई नको. आधी ऊब, अंधार आणि शांतता. खोके किंवा मोठी टोपली घ्या, तळाशी कोरडे कापड किंवा स्वच्छ पेंढा घाला, वरून हवा जाईल असे झाका, आणि घरातल्या निवांत कोपऱ्यात ठेवा. निरोगी बदकाचे अंग आपल्यापेक्षा गरम असते, एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस. धक्का बसला की ते गार पडते. बाटलीत गरम पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवावी. दुसरी बाजू मोकळी असू द्यावी, म्हणजे फार गरम झाले तर बदकाला सरकता येते. विजेचा दिवा लावणार असाल तर एक सांगतो. हल्ली घरोघरी असलेले एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. त्यावर विसंबू नका. चैत्र-वैशाखातल्या उकाड्यात बाटलीची गरजच नाही. बदक चोच उघडी टाकून धापा टाकू लागले तर समजा, उष्णता जास्त झाली.

पोरांना जवळ यायचे असते, कुरवाळायचे असते. त्यांना समजावून सांगा. आपल्याला जे लाड वाटतात, ते या वेळी बदकाला दुसऱ्या शिकाऱ्याचे हात वाटतात. तासभर त्याला एकटे राहू द्यावे, हाच त्या तासाचा लाड.

तासाभराने बदक मान वर करून बघू लागले की मग नीट तपासा. इथे दुसरे कारण येते. फाटलेले मोठे कातडे बघून आपण घाबरतो, पण पुष्कळदा ते भरून येते. घात करते ते बारीक भोक. मांजराचा, मुंगसाचा दात सुईसारखा आत जातो, बाहेर तांदळाच्या दाण्याएवढी खूण राहते, आणि पिसे मिटली की तीही दिसत नाही. आत मात्र जंतू पेरलेले असतात. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या ज्या कॉलऱ्याचा अभ्यास केला, तो रोग याच कुळातल्या जंतूंचा. त्यांना नावही पाश्चरवरूनच मिळाले. मांजराच्या चाव्यातून हे जंतू पक्ष्याच्या रक्तात शिरले, तर दोन दिवसांत पक्षी आडवा होऊ शकतो. म्हणून मांजराचा दात लागलेले बदक वरून ठणठणीत दिसले तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

तपासताना पिसे उलट दिशेने फुंकर मारून किंवा ओल्या बोटांनी बाजूला सारून कातडी बघा. मानेपासून सुरुवात करा, मग पाठ, पंखांच्या खाली, पोट, मांड्या, आणि शेवटी शेपटीचे मूळ. एका जागी दात दिसला तर समोरच्या बाजूलाही शोधा. जबडा दोन्हीकडून मिटतो. मुंगूस बहुधा मानेला धरते, कुत्रा पाठ आणि शेपटी पकडून झटकतो.

धुण्यासाठी एक लिटर पाणी उकळून त्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घालावे आणि ते कोमट होऊ द्यावे. हे पाणी बिनसुईच्या पिचकारीने किंवा वाटीने जखमेवरून सोडावे, म्हणजे माती, पेंढा, लाळ वाहून जाते. जखमेभोवतीची पिसे कात्रीने आखूड करा, उपटू नका. औषधाच्या दुकानात पोव्हिडोन आयोडीन मिळते. त्याच्या एका भागात दहा भाग पाणी मिसळा. बिनदुधाच्या फिक्या चहासारखा रंग आला की झाले. ते जखमेवर लावा. एक सावधगिरी मात्र बाळगा. छातीत किंवा पोटात खोल भोक असेल तर त्यात पाणी मारू नका. मघाशी सांगितलेल्या हवेच्या पिशव्या तिथेच असतात. पाणी त्यांत शिरले तर बदक आतून बुडते. अशा जखमेवर स्वच्छ ओले फडके ठेवून सरळ दवाखाना गाठा.

आता काय लावू नये ते ऐका. रॉकेल, फिनेल, चुना, राख, तंबाखू, कीटकनाशकाची पूड यांतले काहीही नको. यांनी जंतू मरोत न मरोत, उघडे मांस जरूर जळते. हळदीवर आपली श्रद्धा आहे, पण स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते, आणि खोल जखमेत तिचा गोळा होऊन आत पू कोंडतो. तेलकट मलम जाड थराने लावू नका. पिसे चिकटतात आणि त्यांचे पाणी झटकण्याचे बळ जाते. कातडी बधीर करणारी मलमे पक्ष्यांना बाधू शकतात. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची कथा आपल्याला ठाऊक असेल. ते टोचलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले, आणि गिधाडे हजारोंनी मेली. म्हणून जनावरांसाठी हे औषध वापरण्यावर भारत सरकारने २००६ साली बंदी आणली. पक्ष्याचे शरीर औषधाच्या बाबतीत आपल्यासारखे नसते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? खोल भोक असेल, हाड दिसत असेल, पंख लोंबत असेल, पायावर भार देता येत नसेल, श्वासाला घरघर असेल, तर लगेच. कातडीखाली हवा भरून ती फुगली असेल आणि दाबल्यावर कुरकुर लागत असेल, तर हवेची पिशवी फुटली असे समजून लगेच जा. मांजराचा चावा असेल तर बाकी काही न दिसले तरी जा. तालुक्याच्या किंवा गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवता येते. फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा फोन क्रमांक आहे. "एका बदकासाठी कुठं जायचं?" असा संकोच धरू नका. गाईसाठी आणून उरलेले इंजेक्शन घरच्या घरी टोचू नका. जंतूंवरचे औषध कोणते, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. तिसऱ्या दिवशी बदक खाऊ लागले म्हणून औषध सोडू नका. आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या बदकाची अंडी खाऊ नका, विकू नका. औषध अंड्यात उतरते.

आता शुश्रूषा. तहानलेल्या बदकाच्या चोचीत पाणी ओतायची आपल्याला हौस असते. ती आवरा. बदकाच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. ओतलेले पाणी सरळ फुप्फुसात जाते. पसरट भांड्यात पाणी समोर ठेवा. ते इतके खोल हवे की चोच आणि नाकपुड्या बुडवून बदकाला त्या धुता याव्यात, आणि इतके लहान हवे की त्यात बसता येऊ नये. खाण्याला मऊ भात, भिजवलेला कण्या-कोंडा, चिरलेला हिरवा पाला. बदकाला कोरडे पीठ गिळवत नाही, घशात अडकते. कोंबडीपेक्षा बदकाला नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले तर पाय लुळे पडतात. शिजवलेले वाटाणे, बिनमिठाची मासळी यांतून ते मिळते. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड मात्र चुकूनही नको. १९६० साली इंग्लंडात अशा पेंडीने टर्की पक्षी फार मोठ्या संख्येने मेले, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाची पिल्ले तर या विषाला फारच हळवी.

बदक कळपात राहणारे. अगदी एकटे पडले तर ते खाणे सोडते. म्हणून पहिल्या दिवसानंतर त्याची टोपली अशी ठेवा की सोबती दिसतील, त्यांचा आवाज येईल, पण मध्ये जाळी असेल. एकत्र सोडलीत तर रक्त दिसल्यावर बाकीची टोचतात. टोपलीवर दिवसरात्र मच्छरदाणी हवी. पावसाळ्यात माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि दुसऱ्या दिवशीच आत अळ्या वळवळू लागतात. सकाळ-संध्याकाळ जखम बघा. अळ्या दिसल्या तर चिमट्याने काढा, मिठाच्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. गुरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाइन इथे नको.

जखम गुलाबी, कोरडी दिसू लागली की बरे लक्षण. वास येऊ लागला, कडा लाल आणि गरम झाल्या, हिरवा-पिवळा पू आला, बदकाने दिवसभर तोंड लावले नाही, तर पुन्हा दवाखाना.

आणि पोहणे? बदक म्हटले की पाणी, म्हणून पुष्कळ लोक तिसऱ्याच दिवशी त्याला डबक्यात सोडतात. हे करू नका. म्हशी बसतात त्या डबक्याचे पाणी जखमेत जाते, एवढेच कारण नाही. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते. चोचीने ते तेल घेऊन बदक सारे अंग विंचरते, म्हणून पाण्यातून निघूनही कोरडे राहते. दुखणाईत बदकाला मान वळवून हे काम करता येत नाही. मग पिसे भिजतात, आतले अंग गारठते, आणि वाचलेले बदक पाण्यात मरते. जखम पुरती मिटेपर्यंत, साधारण दोन आठवडे, थांबा. मग घमेल्यात किंवा टबात स्वच्छ पाणी घेऊन दहा मिनिटे सोडा. पिसांवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळले तर ठीक. पिसे ओली होऊन अंगाला चिकटली तर बाहेर काढा, पुसा, आणखी आठवडाभर थांबा. कात्रीने कापलेली पिसे पुढच्या पीसगळीपर्यंत तशीच राहतील. त्याची काळजी नको.

सगळीच बदके वाचतात असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. कणा मोडला असेल, आतडे बाहेर आले असेल, श्वासासाठी झगडा चालला असेल, तर डॉक्टरांना विचारा. आणि त्यांनी सांगितले तर त्याला वेदनेतून सोडवू द्या. चाव्याने मेलेल्या बदकाचे मांस खाऊ नका; खोल खड्ड्यात पुरा. आणखी एक. अंगावर जखम नसताना दोन-चार बदके-कोंबड्या एकाएकी मेल्या, तर तो शिकाऱ्याचा उद्योग समजू नका. त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, तो भारतातला पहिला. बदकाच्या अंगात हा रोग असून ते वरून निरोगी दिसू शकते.

शिकारी एकदा आला की पुन्हा येतो, बहुधा लवकरच. म्हणून जखमी बदक टोपलीत विसावले की त्याच संध्याकाळी खुराडे बघा. हल्ला दिवसा झाला असेल तर मुंगूस, कुत्रा किंवा घार. रात्री झाला असेल तर बहुधा कोल्हा, रानमांजर किंवा भटका कुत्रा. मुंगूस बारीक फटीतून शिरते, म्हणून अर्ध्या इंचाची दणकट तारेची जाळी हवी. नेहमीची षटकोनी कोंबडीजाळी कुत्रा दातांनी फाडतो. जाळी हातभर जमिनीत गाडा, नाहीतर खालून उकरून येतात. दाराला नुसती आडकाठी पुरत नाही, कडी हवी. दिवेलागणीला बदके मोजून आत घ्या आणि सकाळी नऊच्या सुमारास सोडा. बदके बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊपर्यंत घालतात, त्यामुळे अंडीही हाती लागतात. मुंगसाला मात्र मारू नका, विष ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि शेतातले उंदीर, साप तेच खाते. त्याने आपला स्वभाव पाळला. खुराड्याची कडी लावणे आपल्याकडे होते.

शेवटी गुरुजनांना एक विनंती. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाचे बदक असे जखमी झाले, तर त्याला एक वही घालून द्या. रोज सकाळी टोपलीसकट बदकाचे वजन करायचे आणि टोपलीचे वजन वजा करायचे. किती खाल्ले, विष्ठा कशी, जखमेचा रंग कसा, तेवढे एकेका ओळीत लिहायचे. वजन दहाव्या हिश्श्याने घटले तर डॉक्टरांना कळवायचे. बदक वाचले तर पंधरा दिवसांत त्या वहीत शरीरशास्त्राचा, गणिताचा आणि आरोग्याचा धडा तयार होईल. नाही वाचले तरी त्या मुलाला एवढे कळलेले असेल की, मुक्या जिवाच्या वेदनेपाशी नुसते रडत किंवा नुसते बघत उभे राहायचे नसते. हात धुऊन कामाला लागायचे असते.